प्रतवारी

कुरिकोत डिसेंबर म्हणजे चेरी.
पट्ट्यावरून लाल दाणे धावतात, आणि आम्ही दोघी
समोरासमोर, हातमोजे घालून निवडत असतो:
मोठी चीनला, मधली गावच्या बाजारात,
तडकलेली डुकरांना.

त्या हंगामात एकाच आठवड्यात दोन कागद आले.
एक माझ्या बापाचा, एक नायादेतचा.
वरच्या ओळीत दोन्हींवर तेच, पोटाचा कर्करोग,
जसं दोन घरांच्या दारांवर एकच आडनाव.
खालच्या ओळी आम्ही वाचल्याच नाहीत.

बापाची गाठ होती. मुठीएवढी, कडा असलेली,
बोट ठेवून दाखवता येईल अशी.
आयुष्यभर धुरावलेलं मांस आणि वर तंबाखू;
तिला यायला कारण होतं, राहायला जागा होती.
आधी औषध, मग सुरी, मग परत औषध.
आता तो दिवसातून सहा वेळा चमचाभर लापशी खातो
आणि सहाही वेळा तिला शिव्या घालतो.

नायादेत चौतिसाची. तिच्यात गाठ नव्हतीच.
दुर्बीण दोनदा आत जाऊन आली, म्हणाली, सगळं ठीक.
डॉक्टर इनोस्त्रोसाबाईंनी पाकिटामागे चित्र काढलं:
फुगलेली पेशी, केंद्रक कडेला ढकललेलं,
"खड्याच्या अंगठीसारखी.
या एकमेकींचा हात धरत नाहीत. सुट्या चालतात,
मिठासारख्या मुरतात, आणि पोटाची भिंत
पखालीच्या कातड्यासारखी ताठ होते.
कापायचं म्हटलं तर थांबायचं कुठे?"
नायादेत हसली. "आजवर एकानेही अंगठी दिली नाही,
आणि आता बघ!"
मी हसले नाही. मग हसले.

बापाला लागू पडलेलं इंजेक्शन तिला का नाही, मी विचारलं.
तिच्या पेशींवर ती खूणच नाही, बाई म्हणाल्या.
नाव एक आहे, आजार दोन.
वर्षं किती, हे तिने स्वतः विचारलं.
बाईंनी पेनाला टोपण लावलं, मग सांगितलं.
तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तो तिचा आहे.

बाप तेव्हापासून ती दिसली की रस्ता बदलतो,
जणू तिच्या वाट्याचं त्यानेच खाल्लं.

या डिसेंबरात ती आली, दोनच तास.
एक चेरी उचलली, उजेडात फिरवली.
डाग नाही, चीर नाही, देठ हिरवा.
"ही कुठे टाकू?"
पट्टा कुणासाठी थांबत नाही. मला सुचेना.
तिने ती तोंडात टाकली, सावकाश चघळली
आणि बी नेम धरून माझ्या अंगावर थुंकली.