शिकाऊ रिअ‍ॅक्टर

बेलापूरच्या टेकडीमागे, कॉलेजच्या शेवटच्या इमारतीत
आमची विहीर आहे.
सात मीटर पाणी. गाळ नाही, बेडूक नाही,
तळाशी निळं.

दिवाळे गावची रेश्मा नाखवा कठड्यावर वाकते,
छातीवरचा फिल्म-बॅज सांभाळत.
"सर, एवढं नितळ पाणी
आमच्याकडे कुणी खरं मानणार नाही."

मी म्हणतो, दाब बटण.
दांडे सुटतात, सर्रकन.
काटा कोसळतो; निळं मात्र
रेंगाळतं.

वहीत वेळ लिहायची: अकरा बावीस.
तिचं पेन तसंच हातात.
"बंद केला ना? मग?"

समीकरण मांडायला मी खडू उचलतो,
तर मागून तीच म्हणते,
इंजिन बंद केलं तरी होडी
जेट्टीपर्यंत येतेच की.

खडू परत खाली.