झाकली मूठ

भोंगा मर्सी कोर्टच्या गच्चीवर आहे.
पाच मजले, लिफ्ट नाही.
गच्चीच्या कुलपाची किल्ली दुसऱ्या मजल्यावर
मिसेस फुर्टाडोंकडे,
आणि मिसेस फुर्टाडो दोन ते चार झोपतात.

हे मी फॉर्मात लिहिलं होतं,
‘अडचणी’ या रकान्यात.
वरून उत्तर आलं : नोंद घेतली.

वर्गात गुंजाळसाहेबांनी फळ्यावर
दोन ठिपके काढले, मधे एक कमान.
म्हणाले, तिकडून निघालं की इथे यायला
सहा मिनिटं, फार तर सात.
मी वहीत उतरवून घेतलं
आणि खाली माझं गणित मांडलं :
ऑफिसातला फोन,
जीप, शिर्के जेवायला गेला नसेल तर,
डॉकयार्ड रोडचा सिग्नल,
मिसेस फुर्टाडोंची बेल, त्यांचा चष्मा,
पाच मजले, माझा उजवा गुडघा.
एकोणतीस.
वरातीमागून घोडं, साहेब, मी म्हणालो.

साहेब हसले नाहीत.
पेडणेकर, भोंगा वाजायला नसतो.
आपण तयार आहोत हे
समोरच्याला कळायला असतो.
याला धाक म्हणतात.
धाक वापरला की संपतो.

धाक म्हटल्यावर मला आईचा फोक आठवला,
निर्गुडीचा, फळीवर ठेवलेला.
वर्षानुवर्षं ती फक्त फळीकडे बघायची.
एकदाच मारला, थोरल्याला.
पाठीवर वळ उठला
आणि त्याच्या मनातली भीती जी उठली
ती पुन्हा आमच्या घरात बसलीच नाही.

गच्चीच्या कठड्यावरून गोदी दिसते.
क्रेनखाली, हिरव्या ताडपत्रीत,
चार वर्षं झाली, काहीतरी लांबट.
तळमजल्यावरचे मुनीर काझी तिथे वेल्डर आहेत.
काय जोडतात ते सांगत नाहीत,
बायकोलाही एवढंच :
आज शिवण चांगली बसली.

ग्रीस भरताना मी पश्चिमेकडे तोंड करून बसतो.
तिकडच्याही एखाद्या गच्चीवर
हाच समुद्र नाकात घेऊन
कोणीतरी बेअरिंग पुसत असेल.
त्याचीही किल्ली कुणा बाईकडे असेल,
तीही दुपारची झोपत असेल.
‘सदैव सज्ज’ आमच्या भिंतीवर लिहिलंय,
त्यांच्याही असणार.
मी मात्र भरवसा ठेवून आहे
तो त्या दोन झोपांवर.

गेल्या वर्षी, पहिल्या सोमवारच्या चाचणीत,
रिले चिकटला.
एक मिनिटाचा भोंगा
चार मिनिटं वाजत राहिला.
मी पेटीत हात घालून शिव्या देत होतो, त्यामुळे
खाली काय झालं ते नंतर कळलं.
फारसं काही नाही.
उसाच्या गाडीवाल्याने चरक थांबवला.
शाळेत एक मुलगी, एकटीच,
शिकवल्याप्रमाणे बाकाखाली जाऊन बसली
आणि वर्ग तिला हसला.

आवाज बंद झाला तेव्हा
मिसेस फुर्टाडो गच्चीच्या दारात उभ्या होत्या.
अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, घरातल्या गाऊनवर,
चष्मा नाही,
तीन मजले चढून आलेल्या.
खरं आहे काय रे?
नाही बाय, रिले.
त्या दाराला टेकल्या. दम खाल्ला.
मग म्हणाल्या,
म्हंजे मी गॅस उगाच बंद केला.
मटण कच्चंच राहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला
दुसरी किल्ली करून दिली. पैसे घेतले नाहीत.
वहीत मी एकोणतीस खोडून सव्वीस केलं.

घरी जाताना ती मुठीत असते.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
असेल.
जिन्याच्या दिव्याखाली उघडतो, तर आत
पितळेची एक किल्ली,
आणि तळव्यावर
तिचे हिरवट दात.