वाऱ्याच्या दिवशी मला बोलावतात

शांत रविवारी क्लबाला माझी आठवण येत नाही.
कळंब्याचं पाणी तव्यासारखं सपाट असलं
की शिडाच्या होड्यांना हडकुळी पोरं लागतात;
मी बसलो तर होडी म्हणे म्हशीगत डुंबते.

पण कात्यायनीच्या डोंगराकडून वारा सुटला,
बांधावरची बाभळ एका अंगावर कलली,
की सकाळी सातला फोन:
"काका, हायसा न्हवं घरात? या की."
तस्नीम बागवान. वय सतरा, वजन बेचाळीस.
सुकाणू तिच्या हातात. बाकी मी.

मी साखर कारखान्यावर काट्याचा कारकून.
उसाची गाडी भरलेली तोलायची, मग रिकामी,
वजाबाकी, पावती, पुढची गाडी.
आषाढात काटा मोकळा, मीही मोकळा:
शहाण्णव किलो, टॉवेल सोडून.

सहा होड्या. दगड बांधून सोडलेले तीन निळे ड्रम.
बापू कुरणे, उद्यमनगरच्या फौंड्रीतनं रिटायर,
भोंगा बिघडलाय म्हणून
बिडाची एक थाळी टांगून तिच्यावर पाना हाणतात.
ठण्ण.

वारा येण्याआधी पाण्यावर काळा डाग येतो,
पळत.
तस्नीम डागाकडे बघते, मी तस्नीमकडे.
"काका, भाईर!"
पट्ट्यात पाय अडकवून मी पाठ टाकून देतो,
ढुंगण लाटेला घासतं, पोट आभाळाला,
आणि आडवी होऊ बघणारी होडी
माझ्या भरवशावर ताठ होऊन सुटते.
वीस वर्षं मी लोकांचं तोललं.
पारड्यात स्वतः बसायची मजा मला कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या ड्रमला रणधीर इंगवले उलटला.
त्याची लाल टोपी मात्र थांबली नाही,
एकटीच बरोबर वळण घेऊन पुढं गेली.
आम्ही दुसरे.
"काका, आज नाद खुळा," तस्नीम म्हणाली,
आणि मी आणखी चार बोटं बाहेर झुकलो. उगीच.

मग वारा थांबला.
मंदावला नाही. थांबला.
कुणी दार ओढून घ्यावं तसा.
"आत! काका, आत!"

शहाण्णव किलोचा माणूस आधी शब्द ऐकतो,
मग तो त्याला कळतो, मग तो गुडघ्याला सांगतो,
आणि माझा गुडघा हल्ली
विचार करून उत्तर देतो.
तोवर अख्खं शीड माझ्या डोक्यावरून
निवांत, ओल्या गोधडीगत, खाली आलं.

पाण्याखाली हिरवं होतं.
वाऱ्याचा तिथं पत्ता नव्हता.
वर आलो तर तस्नीम शिव्या देत होती,
मला नाही, काकाला कसं देणार,
डोंगराकडे तोंड करून, एकेक निवडून.

मधल्या फळीवर चढून उभा राहिलो.
इथं मी पुन्हा कामाचा.
होडी आधी ऐकेना, मग कण्हली,
मग शिडातून अर्धं तळं सांडत उठली.
तस्नीम मांजरीगत आत. मला आत घ्यायला
तिला माझा पट्टा, माझी कॉलर,
आणि शेवटी माझी विजार धरावी लागली.

काठावर सगळे भज्यांच्या गाडीशी.
बापू एकटेच थाळीपाशी, पाना घेऊन,
चष्म्यावरचं पाणी न पुसता.
ठण्ण.
"पाचवे," म्हणाले, आणि वहीत लिहिलं.
"आणि सहावा?"
"त्याला दोर लावून आणला."

सोमवारी कारखान्यावर कुणी नव्हतं.
मी काट्यावर जाऊन उभा राहिलो, बरोबर मधोमध,
जिथं उसाची गाडी थांबते.
आमचा काटा दहाच्या खाली बोलत नाही.
आकडे जरा हलले, मग ठरले: शंभर.
केबिनमध्ये येऊन पावती फाडली.
भरलेली, शंभर. रिकामी,
ती जागा अजून कोरीच आहे.
कानात अजून थोडं कळंबं आहे,
मान हलवली की वाजतं.