वर्ग क्रमांक सतरा

तासगावातले सौदे उरकले
की जिनगोंडा मगदूम मोटारसायकल काढतात
आणि विश्रामबागेत माझ्या जिन्याखाली हॉर्न देतात.
लगेच वर येत नाहीत.
आधी पंक्चरवाल्याशी दोन शब्द, दराचे, हवेचे.
मग वर. खिशातून पुडी:
"नवा माल हाय. चाखून बघ, मग टाइप कर."

आज त्यांना दुकानाचा पत्ता फोनवर सांगता येईना.
सोलापूरचं गिऱ्हाईक, आणि हे खिडकीत उभे राहून ओरडतायत:
प्रश्नचिन्ह! हो, प्रश्नचिन्हच.
मग सी, ए, टी. मांजर ओ, मांजर.
बरोबरचं चिन्ह. सतरा.
पलीकडून विचारलं, सतरा काय, पेट्या?

फोन ठेवला, घाम पुसला.
"चाळीस वर्षं बेदाणा विकतोय,
कुणी सतरा नंबर मागितला न्हाई.
हिरवा मागत्यात, लांब हिरवा मागत्यात,
काळा मागत्यात बाळंतिणीला.
आपल्या दारावर प्रश्नचिन्ह कशाला?"

मी सेटिंग उघडलं.
पहिल्यांदा मराठीतच लिहिलं: बेदाणा, तिरकी रेघ, हिरवा.
छान बसलं, पेंटरनं पाटीवर काढल्यासारखं.
त्यांनी उचलून मुलीला पाठवलं
आणि तिच्याकडे उमटलं
टक्का ई शून्य टक्का ए चार टक्का ए सी टक्का ई शून्य
दीड ओळ नुसते टक्के.
"एवढी अडत तर तासगावात कुणी घेत न्हाई,"
मगदूम म्हणाले.

हसलो दोघंही.
पण मला कुठेतरी लागलंच,
आपलं अक्षर वेशीपर्यंत अक्षर,
वेशीबाहेर आकडेमोड.

मग रोमन.
बेदाण्यातल्या दा-ला एक ए की दोन?
आणि ण?
ण तिकडे नाहीच, न-वर भागवायचं.
मगदूमांनी मान हलवली,
दर पडल्यावर हलवतात तशी.

या छोट्या नावाला स्लग म्हणतात, मी सांगितलं.
म्हणजे खरं तर बिनशंखाची गोगलगाय.
"बागेत औषध मारून मारून दमलो तिच्यापायी,
आणि तू दुकानात घेतीस?"
पण नाव चुकलेलं नाही.
गोगलगाय अन् पोटात पाय.
बाहेर वाचायला बेदाणा, त्याखाली हिरवा, त्याखाली लांब,
शेडमधल्या जाळ्यांसारखे एकाखाली एक,
आणि आत, तळाला,
तोच सतरा, हूं की चूं न करता.

सेव्ह दाबलं.
पाच मिनिटांत सोलापूर पुन्हा फोनवर:
दुकान बंद केलंत का?
जुना पत्ता मेला होता.

अशा वेळी एक ओळ लिहावी लागते,
जुन्या दारी आलेल्याला नव्या दारी नेणारी.
तीनशे एक तिचा नंबर.
लिहिताना मला सनदी पोस्टमन आठवले.
पुराच्या साली आम्ही गावभाग सोडला, कुणाला कळवलं नाही,
कळवण्यासारखं मन नव्हतं.
तरी बाबांच्या दोस्ताचं कार्ड दर महिन्याला यायचं,
जुना पत्ता निळ्या पेनानं खोडलेला,
खाली सनदींच्या अक्षरात नवा.
त्यांना आमचं नवं घर कुणी सांगितलं
हे मी अजून विचारलेलं नाही.
बाबा गेल्यावरही चार कार्डं आली.

ओळ लिहून झाली. जुना सतरा टाकून पाहिला.
गेला मुकाट्यानं हिरव्या, लांब बेदाण्याकडे.

मगदूमांनी खुर्ची खिडकीशी ओढली,
चष्मा लावला, पुन्हा सोलापूर लावलं
आणि एका दमात वाचून दाखवलं,
शाळेत उभं राहून वाचतात तसं:
बेदाणा, रेघ, हिरवा, रेघ, लांब.

पलीकडे थोडा वेळ शांत.
मग स्पीकरवर, अगदी स्पष्ट,
न नळाचा का ण बाणाचा?

मगदूम माझ्याकडे बघत राहिले.
मी पुडीतला शेवटचा बेदाणा तोंडात टाकला.