शेरा

पहाटे पावणेचारला मोहाडीच्या शिवारात
कपाळावरच्या बॅटऱ्यांच्या उजेडात शिराझ तोडतात.
गारव्यातच तोडायची, ऊन लागलं की रस बिथरतो.
मी बांधावर पालथ्या क्रेटवर बसून
मोबाईलमध्ये भरत जाते:
प्लॉट सात. ब्रिक्स चोवीस पूर्णांक दोन.
ठिबकचं पाणी, लिटरमध्ये.
शेवटची फवारणी किती दिवसांपूर्वी.
क्रेटवरच्या चौकोनी नक्षीला फोन दाखवला
की बीप,
आणि कडीला कडी लागते.

कातकाडे साहेबांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
ही ब्लॉकचेन. हिच्यात खाडाखोड नाही.
मागून रंगनाथ बोरस्ते म्हणाले,
म्हणजे तलाठ्याशिवायचा सातबारा.
सगळे हसले. साहेबही, जरा उशिरा.

डिसेंबरात माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं.
प्लॉट सात एका रात्रीत
अख्खं गावतळं प्यायला.
पुसता येईना.
साहेब म्हणाले, खाली दुसरी ओळ लिही,
आधीची नोंद चुकीची.
ती चूक अजून तिथेच आहे
आणि तिच्याखाली माझी कबुली,
भांडलेल्या शेजारणींसारख्या,
एकमेकींकडे न बघता.

तेव्हा कळलं,
साखळी खोटं पुसू देत नाही,
पण लिहू देते.
विहिरीचं पाणी मी भरलंच नसतं
तर तिला तहान कळली नसती.
हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

रॉटरडॅमला कुणीतरी बाटली फिरवून फोन धरेल.
त्याला दिसेल माती, उतार, काचेचं वजन,
बोटीनं किती धूर सोडला तो,
वायनरीच्या छतानं किती ऊन साठवलं ते.
घडाला हात कुणाचा लागला,
त्याला रकाना नाही.

पेठकडून आलेली मंजुळा भोये
कात्री चालवताना घडाकडे बघतही नाही.
देठ आपणहून बोटाला सापडतो.
सडका मणी तिला वासानं कळतो,
मशीन नंतर तेच सांगतं, आकड्यात.
काल तिनं विचारलं, ह्याच्यात काय काय लिवता, ताई?
मी वाचून दाखवलं.
ती म्हणाली, येलीचं समदं हाय की.
एवढंच. टोमणा नव्हता.
तेच रात्रभर टोचलं.

आज, क्रेट एकशे बारा.
सगळ्यात खाली 'शेरा', ऐच्छिक, साठ अक्षरं.
आजवर मी तिथं 'निरंक' टाकत आले.
आज लिहिलं:
तोडणी मंजुळा भोये, कुळवंडी. कात्री डाव्या हातात.
बीप.

आता साहेबांनाही पुसता येणार नाही.
फार तर खाली दुसरी ओळ लिहावी लागेल,
आधीची नोंद चुकीची.
आणि ती लिहिताना
कुणाला तरी
आपलं नाव द्यावं लागेल.