अठ्ठाविसावा खिळा

उद्यमनगरात, वेल्डिंगच्या दुकानाला लागून
दहा बाय बाराचा माझा गाळा.
भिंतीवर प्लायवूडचा फळा, त्यावर खिळे,
खिळ्यांना दुसऱ्यांच्या घरांच्या किल्ल्या :
नागाळा पार्क, रुईकर कॉलनी,
मुलाकडं बेंगळुरूला गेलेल्या देशिंगकर काकू,
झाडांना पाणी, आठवड्यातनं दोनदा.

सुरुवातीला माणूस एकच, मी.
टाकीत उतरायची मी, बिल लिहायची मी,
नळाचा वायसर बदलायचा तर पाना माझाच.
"मालकांना पाठवा की हो," लोक म्हणायचे.
शेवाळलेले हात पुसत मी म्हणायची,
"मालक टाकीतनंच वर आलेत."

मग इर्शाद आला, मग सुतारांच्या दोघी बहिणी,
मग तुषार आवळे, ज्याला शिडीची भीती वाटायची
आणि ती त्यानं माझ्यापासनं चार महिने लपवली.
माणसं नऊ झाली, माझा हात पान्याकडंच.
इर्शाद पाइप जोडतोय, मी मागं उभी :
"डावीकडं. अरे डावीकडं. आण इकडं."
एकदा त्यानं पाना माझ्या हातात दिला
आणि जिन्यात जाऊन बसला.
संध्याकाळी एवढंच म्हणाला,
"तुमीच करनार असला तर मला कशाला नेता?"

त्या रात्री झोप उडाली, असं काही नाही.
दमले होते, गाढ झोपले.
पण दुसऱ्या दिवसापासनं हात
खिशात घालायला शिकले.
सोपं नाही ते. बोटं आतल्या आत आटे फिरवत राहतात.

ताराबाई पार्कातली ती सोसायटी, अठ्ठेचाळीस फ्लॅट,
वर्षाचं काम, माझ्या कमाईचा तिसरा हिस्सा.
एका दुपारी फोन :
बाथरूमच्या कप्प्यातली अंगठी दिसत नाही.
मी गेले. चेअरमन, सेक्रेटरी, कोकमचा ग्लास.
"आडनाव काय म्हणालात त्या पोराचं?"
मी सांगितलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.
"त्याला तेवढं काढा. काम तुमच्याकडंच राहील."

खाली पार्किंगमध्ये तुषार
स्कूटरचं सीट उगाच पुसत होता.
विचारलं, एकदाच.
"न्हाई ओ मॅडम."
डोक्यात पंपाचा हप्ता होता, नऊ पगार होते.
तरी जिना चढून परत वर गेले.
"पोलिसांत तक्रार द्या, त्याच्याबरोबर मी येते.
नुसत्या संशयावर माणूस काढणार नाही."
कोकम तसंच राहिलं. काम गेलं.

अंगठी सापडली का, कुणी कळवलं नाही.
खरं सांगू? मला आजही माहीत नाही.
त्या जिन्यात तर अजिबातच माहीत नव्हतं.

सकाळी सातला सगळ्यांपुढं हिशेबाची वही ठेवली.
पगार दहाला नाही, सतराला.
का, तेही सांगितलं, आवाज थोडा हलला.
थोरली सुतार, सारिका, बोट फिरवत वाचत राहिली.
मला वाटलं, आता सोडून जाते म्हणणार.
"पेट्रोल लई जातंय," ती म्हणाली,
"बावडा एका दिवशी, लाइन बाजार दुसऱ्या दिवशी,
एकदमच का करत न्हाई आपण?"
तीन वर्षं मला सुचलं नव्हतं.
तेव्हापासनं कामांची वही तिच्याकडं.
मी विचारून बघते, उद्या कुठं जायचंय मला.

इर्शाद म्हणाला, "शिडीचं काम तुषारला नगं. मी चढतो."
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं,
मी सोडून.

काल नवी किल्ली आली, फुलेवाडीची.
फळ्यावर अठ्ठाविसावा खिळा मारायचा होता.
हातोडी तुषारकडं.
खिळा वाकडा जात होता, मला दिसत होतं.
कुणाचा फोन आलेला नसताना
मी फोन कानाला लावला
आणि बाहेर आले.