चार चाळीसचं पाणी

आमच्या पार्कसाइटच्या टेकडीवर पाणी येतं चार चाळीसला.
ते सोडतो माझाच नवरा.
मोरेश्वर, महापालिकेचा चावीवाला, एकतीस वर्षं
खांद्यावर ती लांब लोखंडी चावी टाकून चारला जिना उतरतो
आणि मी उठून बाटलीतून एक गोळी काढते,
इतकी बारीक, की खाली पडली तर मुंग्यांनाच विचारावं लागेल.

उपाशीपोटी. वर तासभर चहा नाही.
कॅल्शियमची त्यानंतर चार तासांनी.
छातीची रात्री, जेवल्यावर.
तिला आम्ही घरात ‘छातीची’ म्हणतो, हिला ‘गळ्याची’.
पाहुण्यांसमोर दोघींना मिळून ‘माझं ते’.

गळ्याची जुनी, हर्षालीच्या बाळंतपणापासूनची.
पन्नासची. घरातल्या घड्याळासारखी,
आहे हे विसरायला व्हावं.
छातीची आली गेल्या वर्षी, परळहून,
पाच वर्षांच्या बोलीवर.

तिच्यामागून हे:
मे महिन्यात पायात मोजे आणि कपाळावर घाम.
रात्री दोनला अंगातून भट्टी उठायची, पंखा पाचवर.
तीनला हाडं गार. पंखा बंद, गोधडी.
मोरेश्वर काही न बोलता
रेग्युलेटरच्या भिंतीशी अंथरूण घालायला लागला.

केमोनंतर परत आलेले केस,
ज्यांचा अजून विश्वासही बसला नव्हता,
ते पुन्हा कंगव्यात.
आवाज जाड झाला. फोनवर भाऊ म्हणाला, कोण, भावोजी?
फोडणीत मोहरी की जिरं, हे
मोहरी जळून गेल्यावर आठवायचं.
दुसऱ्या मजल्याचा जिना चौथ्या मजल्याचा झाला.

सगळ्या म्हणाल्या, गोळीचं आहे ते, सोस. जीव वाचला ना?
वाचलेल्या बाईनं तक्रार करायची
तर अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो?

मी सोसलं. खरं म्हणजे लपवलं.
आंघोळीत उरलेल्या बाजूवरून हात फिरवायचा,
मग गळ्यावरून,
मग मुकाट्यानं साबण धुवायचा.
पुन्हा आलं असेल तर.
हे वाक्य मी एकदाही पूर्ण केलं नाही.

सकिना डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं.
रिपोर्टात दोन आकडे भांडत होते.
एकूण हार्मोन भरपूर,
आणि तरी टीएसएच, नऊ पूर्णांक चार,
वरून ओरडतोय, अजून सोडा, अजून सोडा.
डॉक्टरांनी कागदावर फुलपाखरू काढून दाखवलं.
गळ्यात फुलपाखरू असतं, तर ते इतकं जड झालं असतं?

घरी मोरेश्वरनं चष्मा लावला.
“अगं, ही तर आपल्या शेवटच्या गल्लीची भानगड.
लाइनला पाणी आहे. मीटरवर दिसतंय.
पण वाटेत कोणीतरी जास्तीची पिंपं मांडलीत.
ही छातीची गोळी मांडते, रक्तात.
पाणी पिंपांत अडकतं,
टोकाच्या घरात नळ नुसता सूं सूं करतो.”
मग काय करायचं?
“पिंपं पाच वर्षं हलणार नाहीत. चावी अजून दोन आटे.”

दोन आटे म्हणजे पंचवीस मायक्रोग्रॅम.
पन्नासची पंच्याहत्तर झाली. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.

एकतीस वर्षांत मी त्याला विचारलं नव्हतं,
तू पहाटे नेमकं करतोस काय.
त्या रात्री विचारलं,
शेवटच्या घराला पाणी पोचलं, हे तुला कळतं कसं?
म्हणाला, “तिथली बाई शिव्या द्यायची थांबते.”

आज पाचवा आठवडा.
भट्टी अजून उठते. ती छातीचीच,
तिच्याशी माझं भांडण वेगळं आहे.
पण काल जिना दुसऱ्या मजल्याचाच होता,
बरं, अडीच.
आणि कंगव्यातले केस मोजायचे राहून गेले.

चार चाळीस. खाली लोखंडावर लोखंड फिरल्याचा आवाज.
नळ आधी खोकतो, मग गढूळ थुंकतो.
गोळी तळहातावर, तांब्या धारेच्या वाटेवर.
मी एक शिवी तयार ठेवून उभी आहे.